पाण्याला खळाखळा उकळी आली होती का?

सुरुवातीलाच सांगते, मी शाळेत फिजिक्स शिकवते. अकरावी-बारावी, गेली तेवीस वर्षं. दृष्ट काढणं, लिंबू-मिरची, अमावस्या यातलं काहीही मी मानत नाही. या सदरातले अनुभव मी वाचते ते फक्त करमणूक म्हणून, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा लिहिणाऱ्याची कीव करत. आज स्वतःच लिहायला बसलेय, तेव्हा माझी कीव करायची तुम्हाला पूर्ण मुभा आहे.

आम्ही भोपाळला टी. टी. नगरच्या मागे राहतो. नवरा सुधीर सरकारी खात्यात इंजिनिअर, एक मुलगी ऋता. माझं माहेर उज्जैनचं, सासर मूळचं साताऱ्याकडचं. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या, तोपर्यंत आमच्याजवळच होत्या. त्यांच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे, कारण हा अनुभव त्यांचाच आहे... म्हणजे माझा नाही, हीच तर गंमत आहे.

मागच्या वर्षी ऋताचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा. साखरपुड्याची बोलणी व्हिडिओ कॉलवर व्हायची. स्क्रीनवर दोन चौकटी, एकीत विहीणबाई, दुसरीत मी. विहीणबाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आहेत हे मला पक्कं माहीत होतं. पण त्या चौकटीत मी त्यांची आई दिसत होते. एकदा तर जावईबापूंची आत्या मधेच येऊन मला "नमस्कार आजी" म्हणून गेली.

त्या आठवड्यात मी पार्लर शोधलं. स्टाफरूममध्ये कोणीतरी "ग्लो इंजेक्शन"बद्दल बोलत होतं, तेवढं नाव लक्षात ठेवलं. जागा होती अशोका गार्डनला, पहिल्या मजल्यावर, खाली कूलरच्या गवती जाळ्या विकणारं दुकान. मालकीण डिंपल मॅडम. भिंतीवर फ्रेम केलेली चार सर्टिफिकेटं होती. मी मुलांच्या प्रयोगवह्या तपासताना एक-एक रीडिंग बघते, पण ती सर्टिफिकेटं कशाची आहेत ते बघितलं नाही. पावडर पाण्यात कालवून गालांवर आणि डोळ्यांखाली बारीक बारीक टोचण्या झाल्या, वीस-बावीस असतील. घरी सुधीरला सांगितलं, मेंदीची अ‍ॅलर्जी आली. त्याने बरं म्हटलं आणि पेपर वाचायला घेतला.

चार आठवडे चेहरा खरंच छान दिसला. विहीणबाई म्हणाल्या, "मंजिरीताई, भोपाळची हवा मानवलेली दिसतेय." लग्न झाल्यापासून एकतीस वर्षं मी याच हवेत आहे.

पाचव्या आठवड्यात उजव्या गालावर तुरीच्या दाण्याएवढी गाठ आली. मग डावीकडे एक. मग डोळ्याखाली. पंधरा दिवसांत सात झाल्या — जांभळट, ठणकणाऱ्या, आणि दोनांतून पाणी यायला लागलं. डिंपल मॅडम फोनवर म्हणाल्या, "टॉक्सिन निकल रहा है मैडम, अच्छा साइन है." आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दहा दिवसांची अँटिबायोटिक्स दिली, काही फरक नाही. केमिस्टने एक मलम दिलं, त्याने गाठी आणखी मोठ्या झाल्या. आता मेंदीची अ‍ॅलर्जी टिकण्यासारखी नव्हती, म्हणून सुधीरला सगळं सांगावं लागलं. त्याने पेपर खाली ठेवला. मग म्हणाला, "अगं, पण मला तर तू आधीच बरी दिसायचीस." एकतीस वर्षांच्या संसारातलं हे त्याचं पहिलं कौतुक, आणि तेव्हा माझ्या गालातून पाणी गळत होतं.

साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात स्किनची ओपीडी सकाळी भरते. तिथल्या तरुण डॉक्टरने नीट तपासलं, एका गाठीतलं पाणी तपासायला पाठवलं. तीन दिवसांनी रिपोर्ट आला, कुठलेच जंतू वाढले नव्हते. तो म्हणाला, इन्फेक्शन दिसत नाहीये, आत घातलेल्या औषधाला शरीराने दिलेली रिअ‍ॅक्शन असावी. पुढच्या गुरुवारी या, गाठींमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ, बसतील.

साखरपुड्याला सहा आठवडे होते. मला गाठी बसायला हव्या होत्या, कशाने का होईना.

त्या गुरुवारी ओपीडीच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, सिंधी, ड्रेस मटेरियलचं दुकान आहे त्यांचं. नाव किरण. ओढणीने अर्धा चेहरा झाकलेला. माझाही झाकलेला. थोड्या वेळाने दोघींनी एकमेकींच्या ओढण्या बघितल्या आणि कळलं. त्यांनी हळूच विचारलं, "डिंपल?" मी मान हलवली. मग काय, दहा मिनिटांत आम्ही सख्ख्या बहिणी झालो. त्यांच्या गाठी हनुवटीवर होत्या, पाच.

बोलता बोलता त्या म्हणाल्या, "बहनजी, एक बात बताऊँ, हँसोगी तो नहीं? मुझे तो इसके बाद से सपने भी अजीब आते हैं."

मी म्हटलं, ताप असेल तर येतात.

"नहीं, एक ही सपना. दोपहर में दुकान पर आँख लगती है ना, तब. डिंपल का पार्लर है, और कुर्सी पर एक बुढ़िया बैठी है, मेरी तरफ पीठ करके. मुँह पर मुल्तानी मिट्टी पुती हुई. शीशे की तरफ देख के बोलती है, मुझसे नहीं, शीशे से. और पता नहीं कौन-सी भाषा में डाँटती है."

"क्या बोलती है?" मी सहज विचारलं. अगदी सहज.

किरणजींनी डोळे मिटले आणि पाठ केलेली कविता म्हणावी तसं म्हणाल्या, "पान्याला खलाखला उकली आली होती का ग, ढालगज भवाने."

इथे मला सासूबाईंबद्दल सांगायला हवं.

सासूबाई पाणी उकळून प्यायच्या. साताऱ्यात त्यांच्या माहेरी कधीतरी कावीळ झाली होती सगळ्यांना, तेव्हापासून. रोज सकाळी मोठं पातेलं गॅसवर चढायचं आणि त्या समोर उभ्या राहून उकळी बघायच्या. नुसते बुडबुडे चालायचे नाहीत, खळाखळा उकळी हवी. मी घरात आरओ फिल्टर बसवला. त्यांना कागदावर आकृती काढून पडदा कसा काम करतो ते समजावलं, क्षार मोजायचं टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडे दाखवले. त्या म्हणाल्या, "तुझा तो डबा तुला लखलाभ." आणि पातेलं चालूच. एक दिवस शाळेत जायच्या घाईत मी त्यांच्या पातेल्याखालचा गॅस मधेच बंद केला आणि म्हटलं, "आई, हा अडाणीपणा आता पुरे."

तो शब्द मी वापरायला नको होता. त्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी थेट बोलल्या नाहीत. अबोला नव्हता, बोलायच्या भरपूर, पण भिंतीशी किंवा फ्रिजशी. "आज आमटीत मीठ नाही हो," असं फ्रिजला सांगायच्या. "बाहेर ऊन आहे, छत्री घेतलीय का कोणी?" असं भिंतीला. आणि पाणी प्यायला दिलं की रोज, न चुकता, भिंतीकडे बघत, "पाण्याला खळाखळा उकळी आली होती का गं, ढालगज भवाने?" दोन वर्षं हे चाललं. मग त्या गेल्या.

'ढालगज भवानी' हा शब्द मी त्यांच्याशिवाय कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. माझ्या माहेरी उज्जैनला नाही, पुण्याच्या पाहुण्यांत नाही. अख्ख्या भोपाळमध्ये हा शब्द वापरणारं एकच तोंड होतं आणि ते चार वर्षांपूर्वी मिटलं होतं.

किरणजी विचारत होत्या, "ये मराठी है क्या? ढालगज मतलब क्या होता है? कोई देवी है?"

मी म्हटलं, "कुछ वैसा ही समझ लो."

एवढ्यात समोरच्या बाकावरून एक मुलगी उठून आमच्याकडे आली. पंचवीस-सव्वीसची, मास्क लावलेला. ती प्रियंका, कोलारकडून आली होती, मोबाइलच्या शोरूममध्ये कामाला. दोन महिन्यांनी लग्न. तिने ओठांच्या बाजूला इंजेक्शनं घेतली होती. तीही डिंपलकडेच. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता, म्हणजे जेवढा मास्कच्या वर दिसत होता तेवढा. "आंटी," ती किरणजींना म्हणाली, "आपने अभी भवाने बोला ना?"

आता मी शास्त्राची शिक्षिका. दोन साक्षीदार एकमेकांच्या समोर असले की साक्ष बिघडते, एवढं कळतं. मी किरणजींना जागेवर बसवलं, प्रियंकाला कॉरिडॉरच्या टोकाला वॉटर कूलरपाशी नेलं आणि तोंडी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं. खुर्ची कुठली? "बीच वाली, जो नीचे नहीं होती." तोंडाला काय? "मिट्टी." कुणाकडे बघून बोलते? "शीशे की तरफ. मैं सामने जाती हूँ तो मुँह फेर लेती है." काय बोलते? प्रियंकाने थोडं आठवून म्हटलं. उकळीचं पूर्ण नाही सांगता आलं तिला. पण 'पान्याला' होतं, 'खलाखला' होतं, आणि 'ढालगज' तर अगदी स्वच्छ. तिनं आधी ऐकलं होतं ते फक्त 'भवाने', हे लक्षात घ्या... निदान ती तसं म्हणाली, आणि तिचा बाक बराच लांब होता. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. मराठी दोघींनाही येत नव्हतं. प्रियंकाला 'चला' आणि 'वडापाव' एवढंच येत होतं.

खरं सांगते, मला पहिल्यांदा भीती नाही वाटली. राग आला. सात गाठी माझ्या गालावर, सासू माझी, आणि स्वप्नं या दोघींना. मला इतक्या आठवड्यांत एकही स्वप्न नाही. तिथेही बाईंनी माझ्याशी थेट बोलायचं नाही हे पाळलं होतं.

आणि मग डोक्यात आलं — पाणी.

माझा नंबर यायला अजून तासभर तरी होता. मी किरणजींना म्हटलं, माझी जागा धरा, आणि रिक्षा करून सरळ अशोका गार्डन गाठलं. डिंपल मॅडम पार्लरमध्ये एकट्याच होत्या. मी ओढणी घट्ट केली आणि म्हटलं, माझ्या बहिणीला हेच करायचंय, पण ती फार शंकेखोर आहे, विचारते की पावडर कशात मिसळतात.

डिंपल मॅडमनी कपाटातून काचेच्या छोट्या बाटल्यांचा डबा काढून दाखवला. सलाइनचं पाणी, सीलबंद. "ये देखो, ब्रांडेड."

"और ये खतम हो जाए तो?"

त्या अगदी मोकळेपणाने म्हणाल्या, "कभी कम पड़ जाए तो फिर आरओ का ले लेते हैं. पीने वाला है मैडम, एकदम प्योर. टीडीएस चेक करवाया हुआ है."

कोपऱ्यात फिल्टर होता. आमच्या घरी आहे त्याच कंपनीचा. मी त्याच्याकडे किती वेळ बघत उभी होते कोण जाणे, डिंपल मॅडमनी मला बसायला स्टूल दिलं.

परत ओपीडीत पोचले तेव्हा माझं नाव पुकारत होते. आत डॉक्टरने स्टिरॉइडची सिरिंज तयार ठेवली होती. मी त्याला स्वप्नाबद्दल अवाक्षर सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्याने मला दुसऱ्या ओपीडीत पाठवलं असतं. फक्त एवढंच म्हटलं, इंजेक्शनची पावडर फिल्टरच्या पाण्यात मिसळलेली असू शकते, आणि बाहेर आणखी दोघी बसल्यात, त्याच पार्लरच्या.

त्याने सिरिंज खाली ठेवली. दोघींना आत बोलावलं, तिघींना ओळीने उभं करून गाठी बघितल्या. मग म्हणाला, "पीने का पानी पेट में जाने के लिए होता है मैडम. चमड़ी के अंदर नहीं." त्याने सांगितलं की पाण्यात काही जंतू असतात, पिण्याने आपल्याला सहसा काही होत नाही, पण सुईबरोबर आत गेले की हळूहळू गाठी करतात. साध्या तपासणीत ते तीन दिवसांत दिसत नाहीत, वेगळी तपासणी लागते आणि वाट बघावी लागते. आणि त्यावर स्टिरॉइड दिलं असतं तर ते आणखी पसरले असते. हे तो जरा हळू आवाजात म्हणाला.

तिघींच्या गाठींतले नमुने पुन्हा गेले. दोन आठवड्यांनी तिघींच्याही नमुन्यांत तेच जंतू आले. सहा महिन्यांच्या गोळ्या, दोन-तीन प्रकारच्या एकदम, ज्यांनी तोंडाची चव जाते आणि सकाळी नुसतं चहाच्या वासाने पोटात ढवळतं. डॉक्टरने वर कळवलं, पार्लरला कुलूप लागलं. आणखी नऊ-दहा बायका सापडल्या म्हणतात. त्यांच्यापैकी कोणाला स्वप्नं पडत होती का, हे विचारायचं माझ्या मनात होतं, पण कुठल्या तोंडाने विचारणार.

साखरपुडा ठरल्या दिवशीच झाला. मेकअपला बंदी, गालांवर चार पट्ट्या. मी सगळ्यांना मधमाश्या चावल्या असं सांगायचं ठरवलं होतं. विहीणबाई जवळ आल्या, पट्ट्या बारकाईने बघितल्या आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "कुठे केलंत ते सांगून ठेवा, म्हणजे तिथे जाणार नाही." तेव्हापासून आमचं फार छान जमतं.

गोळ्या सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी किरणजींचा फोन आला. बुढ़िया पुन्हा आली होती, शेवटची. या वेळी मुलतानी माती नव्हती, तोंड धुऊन बसली होती. मी विचारलं, काही बोलली का? "कुछ नहीं. बस 'हं' बोली. और उठ के चली गई." सासूबाईंच्या भाषेत 'हं' म्हणजे पसंती. एखादी भाजी फारच जमली तर फ्रिजला तेवढं ऐकायला मिळायचं. मी विचारलं, दिसत कशी होती? किरणजी म्हणाल्या, "सच बोलूँ? ग्लो कर रही थी."

पुढे एकदा त्या घरी चहाला आल्या तेव्हा हॉलमधल्या सासूबाईंच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होते. शेवटी म्हणाल्या, "पक्का नहीं बोल सकती बहन. पहले तो मिट्टी थी, और उस दिन भी सीधा मुँह कहाँ दिखाया."

प्रियंकाला पुन्हा काही स्वप्न पडलं नाही. तिचं लग्न तीन महिने पुढे गेलं, मग झालं.

मी सगळ्या शक्यता लिहून काढल्या आहेत. किरणजींच्या दुकानात कधी सासूबाई गेल्या असतील का? नाही, त्या कपडे फक्त साताऱ्याहून मागवायच्या. मीच इंजेक्शन घेताना पार्लरमध्ये काही बडबडले असेन का? तेव्हा त्या दोघी तिथे नव्हत्या, प्रियंका माझ्यानंतर आठवड्याने गेली होती. तिघींनी तेच जंतू अंगावर वागवले हे ठीक, पण जंतू मराठी बोलत नाहीत. प्रयोगशाळेत रीडिंग चुकलं की मी मुलांना म्हणते, उपकरण तपासा. इथे उपकरण कोणतं, हेच मला सापडत नाही. कृपया कोणी शांती-बिंती सुचवू नका, आमच्या कॉलनीत ते काम तिघांनी आधीच केलंय.

सुधीरला स्वप्नाचं मी शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. आईचा विषय निघाला की तो गप्प होतो. गोळ्यांचा कोर्स संपला त्या रविवारी सकाळी बाल्कनीत बसलो होतो, तेव्हा सांगितलं, सगळं, ढालगज भवानीसकट. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. रेलिंगवर वाळत घातलेला टॉवेल सारखा करत बसला.

मग म्हणाला, "आई गेली त्या दिवशी दुपारी तू हॉस्पिटलात खाली औषधं आणायला गेली होतीस, आठवतं?"

आठवत होतं. मी वर आले तेव्हा त्या झोपल्या होत्या, मग उठल्याच नाहीत.

"तेव्हा तिने नर्सला बोलावलं होतं. म्हणाली, 'तिला सांगा, सकाळपासून उपाशी आहे, आधी दोन घास खाऊन घे म्हणावं.' मी बाजूलाच होतो, पण सांगितलं नर्सला. ती पोरगी केरळची. तिला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं."

"मग?"

"मग काय, ती म्हणाली, 'ओके अम्मा.' आणि बीपी बघून गेली."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

सुधीर म्हणाला, "मला वाटलं, नर्सने सांगितलं असेल."